शिट्टी हातात धरायची असते

उस्ताद, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा मला आता समोरून आठवत नाही, बाजूनं आठवतो. खाली खाणीत आपण शेजारी शेजारी उभे राहायचो आणि दोघांच्या दिव्यांचा उजेड समोरच्या रुळांवर पडलेला असायचा, म्हणून असेल. तुमचा कान, कानामागं कायमची बसलेली कोळशाची काळी रेघ आणि तारेवर ठेवलेला हात, एवढं मात्र स्वच्छ दिसतं. मी सातवी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही, अक्षर ओळ सोडून खाली घसरतं आणि ते पाहून मलाच घाबरल्यासारखं होतं. तरी लिहायला बसलो आहे, कारण या वयात मी एक नवीन काम शिकायला गेलो आणि ते मला जमत नाही. का जमत नाही ते तुमच्याशिवाय कोणाला कळणार नाही. काम म्हणजे फुटबॉलच्या मॅचमध्ये रेफ्री व्हायचं. हसलात तरी चालेल, सगळी कॉलनी हसली आहे.

आपली खाण बंद झाली हे तुम्हाला माहीत नाही. तोंडाशी भिंत घातली आहे. आता कोळसा वरून, उघड्या खाणीतून काढतात आणि तिकडची माती आणून आपल्या कॉलनीमागं टाकतात. तिचा एवढा डोंगर झाला आहे की माझ्या अंगणात ऊन उशिरा येतं. अर्धी क्वार्टरं रिकामी आहेत, खिडक्यांच्या चौकटीसुद्धा लोकांनी काढून नेल्या. पण मैदान अजून आहे. ते माझ्या दारातून दिसतं. रविवारी सकाळी तिथं मॅच होते. एका बाजूला कॉलनीची पोरं. पोरं म्हणायचं, पण तिशी ओलांडलेली, कोणी डंपरवर, कोणी ऑटोवर, एक शाळेत शिपाई. दुसऱ्या बाजूला नदीपलीकडच्या, बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातली. ते मासे विकतात, धानाची शेती करतात, आणि पायात चेंडू आला की वेगळीच माणसं होतात. बक्षीस नाही, कप नाही. खेळायचं, टपरीवर चहा प्यायचा आणि घरी जायचं. आठवडाभर या कॉलनीत माणसांचा म्हणावा असा आवाज तेवढाच. बाकी डंपरचा.

आधी कार्यालयातला एक बाबू शिट्टी वाजवायचा. एका पेनल्टीवरून पोरं त्याच्या घरापर्यंत मागं गेली, तेव्हा त्यानं सोडलं. मग इथल्या शाळेतल्या मॅडम उभ्या राहिल्या. सिंदेवाहीकडच्या, माझ्या मुलीपेक्षाही लहान, नागपूरला जाऊन रेफ्रीचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. त्यांच्यापुढं दोन्ही बाजू वाकून असायच्या. यंदा त्यांची बदली एटापल्लीकडं झाली. जायच्या आधी त्यांनी सगळ्यांना बसवून विचारलं की पुढं कोण. कॅम्पवाले म्हणाले, कॉलनीत ज्याचा मुलगा-पुतण्या खेळतो असा माणूस आम्हाला चालणार नाही. कॉलनीवाले म्हणाले, कॅम्पातला तर मुळीच नाही. दोघंही म्हणाले, भरवशाचा माणूस नसेल तर खेळच बंद करू, डोकी फोडून घेण्यापेक्षा ते बरं. मी आपला दारात बसून ऐकत होतो. तेवढ्यात आपल्या खाणीतला जुना पंपवाला, जो मैदानाकडेच्या नाल्याच्या पुलियावर बसून दिवसभर लोकांची थट्टा करतो, तो म्हणाला, "त्याले घ्या ना. त्याचं इथी कोनीच नाई."

सगळ्यांना ते एकदम पटलं. दोन्हीकडची माणसं माझ्याकडं पाहून माना हलवायला लागली. मलाही बरं वाटलं, इतक्या लोकांना मी चालतो म्हणून. घरी येऊन ताट धुताना त्या वाक्याचा अर्थ लागला. बायको गेली, मुलगी गडचांदूरला, जावई सिमेंटच्या कारखान्यात. खरंच इथं माझं कोणी नाही. त्याच गुणावर माझी निवड झाली होती. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, गुडघे पाहा आपले. या वयात कायले धावून राह्यले?" मी नाही म्हटलं असतं तर रविवार गेला असता. माझ्या दारातून दिसणारी शेवटची गोष्ट गेली असती.

मॅडमनी मला माझ्याच स्वयंपाकघरात शिकवलं. शाळा सुटली की यायच्या. फरशीवर लसणाच्या पाकळ्या एका बाजूच्या, बटाटे दुसऱ्या बाजूचे, मिठाच्या डबीचं झाकण म्हणजे गोलपोस्ट. ऑफसाइड समजायला मला बरेच दिवस लागले. एकदा समजल्यासारखं व्हायचं आणि रात्रीतून निघून जायचं. त्या कंटाळायच्या नाहीत. पाकळी उचलून पुन्हा मागं ठेवायच्या आणि म्हणायच्या, "काका, चेंडू मारला त्या क्षणाला कोण कुठं होतं तेवढंच पाहा, पोचला तेव्हाचं नाही." शेवटी ते आलं. थ्रो कोणाचा, कॉर्नर कधी, हात कसा दाखवायचा, हेही आलं. नाही आली ती एकच गोष्ट, आणि ती त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती. मी शिट्टी दातांत धरून उभा होतो, म्हणजे हिरड्यांत. त्या म्हणाल्या, "शिट्टी तोंडात नका ठेवू. हातात ठेवा, हात खाली सोडा. हात तोंडापर्यंत येईस्तोवर मधे जो वेळ जातो ना, तो विचाराचा."

उस्ताद, तुम्ही मला याच्या बरोबर उलटं शिकवलं होतं. खाली उतारावर रूळ, लोखंडी रस्सा, रश्शाला कोळशाचे टब, आणि वर खेचणारं इंजिन. मी खाली. भिंतीवरून एक तार गेलेली, ती ओढली की वर घंटी वाजते. एक घंटी म्हणजे थांब. पहिल्या दिवशी तुम्ही माझा हात धरून तारेवर ठेवला आणि म्हणालात, जेव, बोल, खोक, काहीही कर, पण टब हलत असताना हा हात इथून काढायचा नाही. तारेनं तळवा कापला जायचा म्हणून तुम्ही जुन्या पट्ट्याच्या चामड्याचं एक आवरण स्वतः शिवून दिलंत, ते माझ्या हाताला घामानं असं बसलं होतं जसं कातडं. मग तो दिवस आला. रस्सा मला जरा वेगळाच थरथरल्यासारखा वाटला. पाळीवर देखरेख करणारे ओव्हरमन साहेब बाजूलाच उभे होते. मी त्यांच्याकडं पाहिलं. तेवढ्यात तुम्ही माझ्या हातावरून हात घालून तार ओढलीत. सगळं थांबलं. माणसं वरखाली करून पाहून आली, काहीच निघालं नाही. रस्सा चांगला, टब रुळावर. साहेब वाटेल ते बोलले, कोळसा काय तुझा बाप काढणार का इथपर्यंत. तुम्ही खाली पाहत ऐकून घेतलंत. ते गेल्यावर माझ्याकडं वळलात.

"त्याच्याकडं काऊन पाहून राह्यला होता? तो तुले इजाजत देनार होता काय? शक आला का तार. पहिले तार, मंग दिमाग. गाडी बंद केली त पुन्हा चालू होते. मानूस बंद झाला त होत नाई."

त्या दिवसापासून मी कोणाकडं पाहिलं नाही. जन्मभर हात आधी आणि डोकं मागून. आपल्या उतारावर माझ्या पाळीत माणूस गेला नाही, हे तुम्ही चारचौघांत सांगायचात आणि मी खाली मान घालायचो. तसं जगायला काही फार लागत नाही, उस्ताद. फक्त सतत भीती लागते, आणि ती माझ्याकडं आधीपासून होती. तुम्ही तिला काम दिलंत.

आता या मॅडम सांगत होत्या की थांबा. फाऊल झाला, माणूस धडपडला, तरी लगेच शिट्टी नाही. ज्याच्यावर फाऊल झाला त्याच्याच बाजूकडं चेंडू असेल, तो पुढं निघाला असेल, तर दोन्ही हात समोर पसरायचे आणि खेळ चालू द्यायचा. याला अॅडव्हान्टेज म्हणतात. मी विचारलं, आणि चालू देऊन त्याचं नुकसान झालं तर? त्या म्हणाल्या, "तर मागं या. दोन-तीन श्वास थांबा, जमत नाहीसं दिसलं की मग वाजवा. पहिला फाऊल द्या. मागं येता येतं, काका." मी ते वाक्य त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. मागं येता येतं. असं एखादं काम असतं, जिथं शंका आली तरी चालू द्यायचं, पाहायचं आणि नाही जमलं तर परत यायचं, हे मला या वयाच्या आधी कोणी तरी सांगायला हवं होतं. मी फरशीवरच्या बटाट्यांकडं पाहत बसलो. मॅडमना वाटलं मी ऑफसाइड पुन्हा विसरलो.

पहिल्या मॅचमध्ये मी खेळ खेळूच दिला नाही. कोणी कोणाला घासलं की शिट्टी. कोणी नुसता लंगडला की शिट्टी. पुलियावरून पंपवाला ओरडला, "काय झालं बे, टब घसरला का?" आणि जुने चार-पाच जण हसून लोळायला लागले. डंपरवाला पोरगा, कॉलनीचा पुढचा खेळाडू, हात जोडून म्हणाला, काका, जरा गाडी चालू द्या, आम्ही चिनीमातीचे नाही. कॅम्पातली माणसं मला दादू, म्हणजे आजोबा, म्हणतात. त्यांचा कप्तान मासे विकतो, आवाज गल्लीत घुमतो असा, तो म्हणाला, दादू, तुमच्या शिट्टीनं आमचे मासे पळतील. मी हसलो. पण दुसऱ्या रविवारी तेच झालं. मॅडम मैदानाच्या कडेनं माझ्याबरोबर चालायच्या आणि हळूच म्हणायच्या, हात खाली, काका, हात खाली. मी हात खाली करायचो. पुढच्या धक्क्याला शिट्टी तोंडात असायची. ती तिथं कधी गेली ते मला कळायचं नाही.

मला तुमच्या घरचा चहा आठवायला लागला. दुसरी पाळी सुटल्यावर तुम्ही मला घरी न्यायचात, चाची पीठ मळत असायच्या आणि चहा तुम्ही टाकायचात. तुमचा चहा कधी उकळलाच नाही. दुधाला कढ यायच्या आधी, नुसता कडेला बुडबुडा दिसला की तुम्ही भांडं खाली. चाची पिठाचा हात कपाळाला लावून मला म्हणायच्या, "इनकी चाय कभी पकती नहीं, बेटा. शक आया कि उतार दी." तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात. तो कच्चा चहा मी कितीतरी वर्षं प्यालो आणि मला वाटायचं चाची उगीच बोलतात. आता रोज सकाळी मी स्वतःचा तसाच पितो. आणि चंद्रपूरच्या दवाखान्यात तुमचे शेवटचे दिवस. शुद्ध नव्हती. उजवा हात चादरीची कड धरून एकदा ओढायचा. मग थांबायचा. पुन्हा एकदा. घरच्यांना वाटलं तुम्ही कोणाला तरी बोलावता, ते एकेकाला पुढं करत होते. मी पायाशी बसलो होतो आणि मला कळत होतं. एक घंटी. काय थांबवायचं होतं तुम्हाला, ते मात्र कळलं नाही. वर ऐकणारं कोणी नव्हतं.

मॅडमची शेवटची मॅच. त्या कडेला खुर्ची घेऊन बसल्या, म्हणाल्या आज मी काहीच बोलणार नाही, आज तुम्हीच. कॉलनी कॅम्पाकडून कायम हरत आलेली आहे. बरोबरी झाली तरी ही पोरं संध्याकाळपर्यंत टपरीवर बसून तिचं वर्णन करतात. डंपरवाल्यानं कॅम्पावर आजवर एकही गोल केला नव्हता. त्या दिवशी मी चांगला होतो, उस्ताद. शिट्टी मनगटाला दोरीनं बांधून मुठीत ठेवली होती. एकदा फाऊल झाला, मी दोन्ही हात पसरले, चालू द्या म्हणून ओरडलो, आणि खेळ पुढं गेला आणि काही बिघडलं नाही. दुसऱ्यांदाही तसंच. कडेला मॅडम पाठ सरळ करून बसल्या. मला वाटलं आलं. एवढ्या वयात आलं.

खेळ संपत आला आहे, अजून कोणाचाच गोल नाही. डंपरवाला चेंडू घेऊन मधून निघतो. समोर एकच माणूस, त्याच्या मागं गोलकीपर. तो माणूस पाय घालतो, उशिरा घालतो, आणि डंपरवाला उलटा होतो. त्याचे दोन्ही पाय मला हवेत दिसतात. एवढंच दिसतं. तो पडल्या पडल्या गुडघ्यावर येतो, उठतो, चेंडू त्याच्या पुढंच आहे, दोन पावलं टाकून तो मारतो आणि चेंडू जाळीत जातो. हे सगळं मला नंतर मोबाईलवर दाखवलं म्हणून माहीत. कोणी तरी काढून ठेवलं होतं. त्यात आधी शिट्टी ऐकू येते, आणि मग चेंडू जातो. माझ्या डोळ्यांसमोर मात्र नुसते पाय होते, आणि शिट्टी वाजत होती, आणि ती कोण वाजवतंय म्हणून मी बघत होतो.

कोणी शिवी दिली नाही. ती दिली असती तर बरं झालं असतं. डंपरवाला कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. कॅम्पाचा कप्तान माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "दादू, गोल होता. आमच्यावर होता, आम्हीच म्हणून राह्यलो. देऊन टाका." त्याच्या मागं त्याची माणसं माना हलवत होती. मी मॅडमकडं पळत गेलो. म्हटलं, दोन्ही बाजू कबूल आहेत, मी चुकलो हे मी कबूल करतो, देता येतो ना? मागं येता येतं म्हणाला होतात ना तुम्ही? त्यांनी मान खाली घातली. "नाही, काका. शिट्टी वाजली की खेळ मेला. त्यानंतरचा गोल कोणालाच देता येत नाही, मलाही नाही. न वाजवता थांबला असतात तर मागं येता आलं असतं." मग त्यांनी मला फ्री किक द्यायला सांगितलं. ती वाया गेली. मॅच तशीच सुटली. डंपरवाला जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ द्या, काका. तुमचं चुकलं नाई. मी पडलो तर होतोच ना." सोमवारी त्याची पहिली पाळी होती. तो मागं वळून न पाहता गेला.

मी रोज त्याचाच विचार करतो. तुम्ही म्हणायचात, थांबवलेली गाडी पुन्हा चालू होते. खाली ते खरं होतं, मी माझ्या हातानं ते खरं होताना पाहिलं आहे. वर ते खरं नाही. वर थांबवलेलं तिथंच मरतं, आणि चालू दिलेलं परत बोलावता येतं. हे तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही सांगितलं असतं. तुम्हालाही माहीत नव्हतं. आपण दोघंही खालचीच माणसं. मी तुम्हाला दोष द्यायला बसलो होतो, पण लिहिता लिहिता तो कुठं ठेवावा ते समजेना.

गुरुवारी मॅडम गेल्या. मी बसस्टँडवर त्यांची पेटी धरून उभा होतो. त्यांनी खिडकीतून विचारलं, "आता शिट्टी सांभाळता येते ना, काका?" मी म्हटलं, येते. गाडी हलली. रविवारसाठी पोरांनी चुन्याच्या रेघा मारून ठेवल्या आहेत, दारातून दिसतात. कॅम्पवाल्यांचा निरोप आला की दादू असतील तर आम्ही येतो. मी जाणार नाही. त्यांना अजून सांगितलेलं नाही, आणि मी गेलो नाही की काय होईल ते मला माहीत आहे. हा कागद डब्यांखाली अंथरीन म्हणतो, लिहिलेली बाजू खाली करून. तिथला जुना फाटला आहे.

एक राहिलं. ते मॅडमना सांगण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी शिट्टी वाजली आणि सगळं मैदान जागच्या जागी उभं राहिलं, आणि तो पोरगा दोन पायांवर धड उभा असलेला मला दिसला, तेव्हा मला बरं वाटलं. कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. जाळीत पडलेला चेंडूही मला दिसत होता, तरी वाटलं.